बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन आणि पुरुषांतील ताठरतेचा विकार : काही विचारणांस उत्तर

दरवर्षीच्या अहवालात एखाद्या वैद्यकीय विषयाची सर्वसामान्य वाचकास समजेल अशी ओळख करून देण्याची प्रथा आपल्या रुग्णालयाने ठेवली आहे. यंदाचा विषय काहीसा संकोचाचा आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु गेल्या काही काळात चौकशी कक्षात, देणगीदारांच्या पत्रांत आणि एकदा तर विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला गेला. सुरकुत्या घालविण्यासाठी जे बोटॉक्सचे इंजेक्शन देतात, तेच पुरुषाच्या इंद्रियात दिल्यास गेलेली ताठरता परत येते, हे खरे काय? खरे असल्यास ते आपल्याकडे का मिळत नाही? आणि निर्धन रुग्ण निधीतून त्याचा खर्च करता येईल काय? विचारणारे बहुधा स्वतः रुग्ण नसतात. पत्नी येते, खिडकीपाशी गर्दी ओसरेपर्यंत थांबते आणि हलक्या आवाजात म्हणते, "साहेब, ह्यांच्यासाठी ते इंजेक्शन मिळेल का?" अशा प्रश्नास खिडकीतून एका वाक्यात उत्तर देणे योग्य नव्हे. म्हणून हे विवेचन.

प्रतिष्ठित संस्थेच्या अहवालात हा विषय नको, असे काही हितचिंतकांनी सुचविले. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून लैंगिक आरोग्यावर निर्भीडपणे लिहिले, त्यासाठी खटले सोसले आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. त्यानंतर इतक्या वर्षांनी एका रुग्णालयाने आपल्या अहवालाची चार पाने या विषयास देण्यास हरकत नसावी. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. पुढील वैद्यकीय माहिती आपल्या मूत्ररोग व हृदयरोग विभागांतील डॉक्टरांकडून समजून घेऊन लिहिली आहे.

विष आणि औषध

बोट्युलिनम हे विष क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू तयार करतो. लॅटिन भाषेत 'बोट्युलस' म्हणजे सॉसेज, मांस भरलेली आतडी. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात खराब सॉसेज खाऊन माणसे दगावत. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२०च्या दशकात या विषबाधेची बारकाईने नोंद केली. डोळ्यांच्या पापण्या जड होतात, गिळता येत नाही, अंग लुळे पडते आणि शेवटी श्वास थांबतो. हेच विष अत्यल्प मात्रेत औषध ठरू शकेल, अशी शंकाही त्याने तेव्हाच नोंदविली होती. हा केर्नर कवीही होता, एवढे जाता जाता. पुढे १८९५ साली बेल्जियममधील एका गावी खारवलेले मांस खाऊन बाधा झाली, तेव्हा एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जिवाणू शोधून काढला.

केर्नरची शंका खरी ठरण्यास दीडशे वर्षे लागली. सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी १९७०च्या दशकात तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी या विषाचा उपयोग करून पाहिला. ओढ घेणारा स्नायू थोडा सैल केला की डोळा सरळ होतो, हा त्यामागील साधा विचार. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांचा अनावर मिटाव या दोन विकारांसाठी त्यास मान्यता दिली. सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ सालची आहे. म्हणजे सौंदर्यप्रसाधन म्हणून प्रसिद्ध झालेले हे द्रव्य मुळात रुग्णांचेच औषध आहे. आपल्या रुग्णालयातही पक्षाघातानंतर आखडलेला हात, आपोआप वळणारी मान आणि अनावर मूत्राशय या विकारांसाठी तज्ज्ञांच्या सल्ल्याने ते दिले जाते.

त्याचे कार्य असे. मज्जातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांत संदेश पोहोचविणारी रसायने भरलेली असतात. पिशवी फुटली की रसायन स्नायूवर पडते आणि स्नायू आकसतो. हे विष पिशवी फुटण्यास आवश्यक असलेले एक प्रथिन कापून टाकते. पिशव्या भरलेल्या राहतात, संदेश मात्र पोहोचत नाही, आणि स्नायू सैल पडतो. तीन ते चार महिन्यांत मज्जातंतू पूर्ववत काम करू लागतो व औषधाचा गुण ओसरतो. मात्रा ग्रॅमच्या अब्जांश भागांत असल्याने ती वजनाने नव्हे, तर 'युनिट' या परिमाणाने मोजतात. एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर जुळत नाही, ही गोष्ट आमच्या औषध भांडाराने लाल अक्षरांत लिहून ठेवली आहे.

सैल पडल्याने ताठरता कशी येईल?

येथे चौकस वाचकास प्रश्न पडेल. जे विष स्नायूंना लुळे पाडते, ते इंद्रियास ताठ कसे करील? उलटच व्हावयास हवे. आम्हीही हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता.

उत्तर शरीराच्या रचनेत आहे. दंड फुगविताना हाताचा स्नायू आकसतो, तसे येथे काही घडत नाही. शिश्नाच्या आत लांबीच्या दिशेने दोन नळकांडी असतात. त्यांचा अंतर्भाग स्पंजासारखा सच्छिद्र असून त्या छिद्रांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात. दिवसाचा बहुतेक काळ हे स्नायू आकसलेले, मूठ वळल्यासारखे असतात. त्यांना तसे ठेवण्याचे काम नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे रसायन सोडणारे मज्जातंतू करतात. उत्तेजनाच्या वेळी दुसऱ्या मज्जातंतूंकडून व रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण होतो, मूठ उघडते, स्पंजात वेगाने रक्त भरते, आणि भरलेल्या स्पंजाचा दाब बाहेर नेणाऱ्या शिरांवर पडून रक्त आतच अडते. थोडक्यात, ताठरता ही स्नायू सैल होण्याची क्रिया आहे. या वायूचे शरीरातील कार्य शोधून काढल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वय, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा दीर्घकालीन चिंता यांमुळे मूठ उघडेनाशी होते. अशा वेळी मूठ वळून ठेवणाऱ्या मज्जातंतूंचा संदेशच काही महिने बंद केला तर? बोट्युलिनमच्या इंजेक्शनामागील तर्क एवढाच आहे. तर्क वावगा नाही, म्हणूनच जबाबदार संशोधकांनी तो तपासावयास घेतला. ही निव्वळ भोंदूगिरी असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता, दोन ओळींची सूचना फलकावर लावली असती. मात्र तर्कात एक पेचही आहे. हे विष नको असलेला संदेश तेवढा अडवील आणि हवा असलेला सोडून देईल, असे नाही. मूठ उघडण्यास साहाय्य करणाऱ्या काही मज्जातंतूंचे रसायनही त्याच पद्धतीच्या पिशव्यांतून येते.

आजवरचे पुरावे

या इंद्रियात इंजेक्शन देण्याची कल्पना नवी नाही. फ्रान्समधील शल्यचिकित्सक रोनाल्ड विराग यांनी १९८२ साली पापाव्हेरीन हे औषध टोचल्यास ताठरता येते, असे दाखविले. पुढच्याच वर्षी लास व्हेगास येथील मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी व्याख्यानापूर्वी स्वतःस इंजेक्शन टोचून घेतले आणि परिणाम श्रोत्यांस प्रत्यक्ष दाखविला. त्या सभेचे अधिक वर्णन या अहवालात करणे आम्हांस शक्य नाही. त्यानंतर १९९८ साली सिल्डेनाफिल ही गोळी आली. इंग्लंडमध्ये हृदयशूळावर औषध शोधताना तिचा हा गुण ध्यानी आला. नायट्रिक ऑक्साइडने सुरू केलेले काम मोडणाऱ्या विकरास ही गोळी रोखते. आपल्या देशात २००५ पूर्वी औषधद्रव्यावर पेटंट दिले जात नसल्याने भारतीय कंपन्यांनी ती लवकरच स्वस्तात उपलब्ध केली, आणि बहुसंख्य रुग्णांचा प्रश्न तेथेच सुटला.

बहुसंख्य, सर्वांचा नव्हे. गोळीचा गुण न येणारे रुग्ण, विशेषतः दीर्घकाळ मधुमेह असलेले, बोट्युलिनमच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहेत. २०१८पासून इजिप्तमधील डॉक्टरांनी या दिशेने पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १७६ रुग्णांचे तीन गट पाडून दोन गटांना अनुक्रमे ५० व १०० युनिट आणि तिसऱ्यास नुसते सलाइन टोचण्यात आले. २०२२च्या दुसऱ्या प्रयोगात औषधांना दाद न देणारे ७० रुग्ण होते. दोन्ही ठिकाणी विष दिलेल्या गटात सलाइनच्या गटापेक्षा अधिक सुधारणा आढळली. फ्रान्समधील तज्ज्ञांनीही गोळी वा अन्य इंजेक्शनास जोड म्हणून हे विष दिलेल्या रुग्णांचे अनुभव २०१९ साली मांडले आहेत.

सलाइनचा गट कशासाठी, असे एका विश्वस्तांनी विचारले होते. या व्याधीत मनाचा वाटा मोठा असतो. महागडे इंजेक्शन मिळाले या विश्वासानेच काहींना गुण येतो. तो विश्वास वजा केल्यावर औषधाच्या पदरी काय उरते, हे सलाइनच्या गटाशिवाय कळत नाही. ताळेबंदात ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांत जो फरक, तोच येथे आहे. या हिशेबानेही विषाच्या बाजूस काही शिल्लक उरते, हे मान्य केले पाहिजे. परंतु रुग्णांची संख्या थोडी आहे, पाठपुरावा अल्पकाळाचा आहे, गुण काही महिन्यांत ओसरतो व इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. वर्षानुवर्षे वारंवार टोचल्यास त्या नाजूक स्पंजाचे काय होईल, याचे उत्तर अशा लहान प्रयोगांतून मिळत नाही. आजमितीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या विकारासाठी बोट्युलिनमला मान्यता दिलेली नाही.

केवळ मान्यतेच्या कागदासाठी आम्ही अडून बसलो आहोत, असा समज होऊ नये. २०२३च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत तुर्कस्तानात वजन घटविण्यासाठी जठरात बोट्युलिनम टोचून घेतलेल्या लोकांना विषबाधा झाली. युरोपातील निरनिराळ्या देशांत मिळून ७०हून अधिक रुग्ण नोंदले गेले, काहींना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. केर्नरने जी लक्षणे लिहून ठेवली होती, तीच दोनशे वर्षांनी पुन्हा दिसली. तेथेही तर्क वावगा नव्हता. जठर सैल पडले की अन्न हळू पुढे सरकते आणि भूक कमी लागते, असेच सांगितले जात होते. द्रव्य तेच, परंतु मात्रा, जागा आणि टोचणारा हात बदलला की औषधाचे पुन्हा विष होते. आपल्याकडे रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' अशी अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या रंगविलेली आहेत. अशा जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने बंदी आहे, तरीही त्या टिकून आहेत. उद्या त्याच भिंतीवर बोटॉक्सचे नाव आले, तर गरजू माणूस तेथेच जाईल. एक गृहस्थ शेतीच्या कर्जातून उरलेली रक्कम अशाच एका ठिकाणी देऊन नंतर आमच्याकडे आले. त्यांना काय टोचले होते, हे कुपीही न मिळाल्याने आमच्या डॉक्टरांना कळू शकले नाही. त्यांच्या रक्तातील साखर मात्र त्या ठिकाणी कोणी तपासली नव्हती. आमच्याकडे तपासली, तेव्हा ती बरीच वाढलेली निघाली.

व्याधी आणि हृदय

या साखरेच्या गोष्टीवर आम्हांस थोडे अधिक लिहावयाचे आहे, कारण निधीसंबंधीच्या आमच्या निर्णयाचे मूळ तेथे आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांना कमीअधिक प्रमाणात ताठरतेची तक्रार आढळली. संपूर्ण ताठरता गमावण्याचे प्रमाण मधुमेहींमध्ये सुमारे तिप्पट होते. आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. या दोन आकड्यांचा गुणाकार वाचकांनी स्वतः करून पाहावा.

याहून महत्त्वाचा अभ्यास इटलीतील मोंतोर्सी व त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००३ सालचा. छातीत कळ येऊन दाखल झालेल्या आणि हृदयाच्या रोहिणीत अडथळा सिद्ध झालेल्या ३०० पुरुषांना त्यांनी ताठरतेविषयी विचारले. सुमारे निम्म्यांना ती तक्रार होती, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती छातीतील कळेच्या आधी, सरासरीने तीन वर्षांहून अधिक काळ आधी, सुरू झाली होती. कारण सोपे आहे. शिश्नाची रोहिणी हृदयाच्या रोहिणीहून बारीक असते. घरातील नळांत क्षार साचू लागला की बारीक नळाची धार आधी मंदावते, मोठ्या नळाचे पाणी काही काळ तसेच वाहत राहते. पन्नाशीतील गृहस्थ लाजेने तक्रार लपवितो, तेव्हा तो एक लक्षण लपवितो आणि हृदय वाचविण्यासाठी हाती असलेली दोन-तीन वर्षे घालवितो. घरातील मंडळींनी हे विशेषकरून ध्यानात घ्यावे. आमचे डॉक्टर 'नपुंसकत्व' हा शब्द वापरू देत नाहीत. तो शब्द माणसास अपमानित करून घरी पाठवितो, आणि त्याच्या हृदयाची तपासणी राहून जाते.

याच अनुषंगाने एक धोक्याची सूचना. हृदयविकारासाठी नायट्रेट वर्गातील गोळी, जिभेखाली ठेवण्याचीही, घेणाऱ्या रुग्णाने सिल्डेनाफिल वा तत्सम गोळी कदापि घेऊ नये. दोहोंच्या संयोगाने रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतते. संकोचापोटी औषधाच्या दुकानातून परभारे गोळी घेणाऱ्यास हे कोणी सांगत नाही.

आमचा निर्णय

वरील सर्व बाबींचा विचार करून विश्वस्त मंडळाने असे ठरविले आहे की, ताठरतेच्या विकारासाठी बोट्युलिनमचे इंजेक्शन आपल्या रुग्णालयात तूर्त देण्यात येणार नाही, शुल्क आकारूनही नाही. पैसे देणाऱ्या रुग्णास द्यावे व निर्धन रुग्णास नाकारावे, हा मार्गही सुचविण्यात आला होता, तो मंडळाने स्वीकारला नाही. २०१९च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार, नीतिसमितीच्या देखरेखीखाली व रुग्णाच्या लेखी संमतीने रीतसर चाचणी करण्याचा प्रस्ताव एखाद्या वैद्यकीय संस्थेकडून आल्यास त्याचा विचार होईल. अशा चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेतले जाणार नाहीत.

निधीविषयी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना देयकांच्या रकमेच्या दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात. हा पैसा विश्वासाचा आहे. काही महिन्यांत ओसरणाऱ्या, सिद्ध न झालेल्या इंजेक्शनाच्या एका कुपीस हजारो रुपये लागतात. साखर, चरबी, रक्तदाब आणि हृदयाचा आलेख या तपासण्या त्याच पैशांत कितीतरी जणांच्या होतात. या इंजेक्शनासाठीच म्हणून देणगी देऊ केलेल्या एका स्नेह्यांना आम्ही हा हिशेब सविस्तर लिहून कळविला. त्यांनी तीच रक्कम या तपासण्यांकडे वळविण्यास लेखी अनुमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. त्यांच्या इच्छेनुसार नाव छापलेले नाही.

याचा अर्थ रुग्णास रिकाम्या हाताने परत पाठविले जाते, असा नव्हे. गोळ्या आहेत. त्या न चालल्यास प्रोस्टाग्लँडिन वा पापाव्हेरीनचे इंजेक्शन आहे, जे रुग्ण घरी स्वतः घेण्यास शिकू शकतो. निर्वात पंपाचे साधे साधन आहे. आणि या सर्वांनी गुण न आल्यास कृत्रिम दंड बसविण्याची शस्त्रक्रिया आहे. परदेशी बनावटीचे फुगविता येणारे दंड सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे असतात. मुंबईचे मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. रूपिन शहा यांनी विकसित केलेला भारतीय बनावटीचा दंड त्यामानाने पुष्कळ स्वस्त आहे. काहींना यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. तंबाखू सुटली, साखर आटोक्यात आली, रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, की तक्रार कमी होते. समुपदेशनासाठी पती-पत्नींनी एकत्र यावे, असा आमच्या डॉक्टरांचा आग्रह असतो.

नोंदणीच्या खिडकीवर व्याधीचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. 'मूत्ररोग विभाग' एवढे सांगितल्यास केसपेपर मिळेल. त्यावरही तेवढेच लिहिले जाते, आणि रुग्णास नावाने न पुकारता क्रमांकाने आत बोलाविण्यात येते. येताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या पाकिटांसह, शक्य असल्यास उपाशीपोटी यावे, म्हणजे साखरेची तपासणी त्याच दिवशी करून घेता येते.